ऊब आधी, पिल्ले मागाहून
परसात प्रथमच कोंबडीची पिल्ले आणणाऱ्यांसाठी



कोंबडीची पिल्ले घरात येतात तो दिवस मोठा आनंदाचा असतो. खोक्याचे झाकण उघडले की चिवचिवाटाने पडवी भरून जाते. पोरे शाळेतून पळत येतात, म्हातारी माणसेही काठी टेकत बघायला उठतात. आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात पाच-सात पिल्ले एकमेकांखाली चेंगरून, चपटी होऊन पडलेली दिसतात. घरातले म्हणतात, "रोग आला." शेजारी म्हणतो, "तुम्हाला पिल्लंच खराब दिली." दुसऱ्या दिवशी आणखी चार जातात. महिनाभराने पन्नासातली पंधरा उरतात आणि तो माणूस पुन्हा कोंबडीपालनाचे नाव काढत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरी पहिल्या खेपेस पन्नास पिल्ले आणली ती ऐन मार्गशीर्षात, संध्याकाळी, मोटारसायकलवर वाऱ्यातून. एका लाकडी खोक्यात गोणपाट अंथरले, वर एक दिवा टांगला, कण्या टाकल्या आणि आम्ही जेवून झोपलो. आठ दिवसांत एकोणीस उरली. मेलेली दोन पिल्ले घेऊन मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ती फाडून पाहिली आणि पोटातला पिवळा बलक दाखवला. तो अजून जिरला नव्हता. म्हणाले, "रोगबिग काही नाही. पिल्लं गारठली आहेत."

त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की कळली, तीच आज तुम्हाला सांगायची आहे. नवख्या माणसाची पिल्ले पहिल्या पंधरवड्यात मरतात ती बहुतेक वेळा रोगाने मरत नाहीत, गारठ्याने मरतात. आणि ही मरतूक पिल्ले आणल्यावर नव्हे, तर आणण्याआधी थांबवायची असते.

कोंबडी काय करते, ते आधी बघा

आपल्या गावठी कोंबडीला हे कोणी शिकवलेले नसते. खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस अंडी उबवते. पिल्ले निघाली की त्यांना पंखाखाली घेते, थोडे चरायला सोडते, पुन्हा पंखाखाली घेते. पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब धरून ठेवता येत नाही. अंगावर असते ती नुसती लव. खरी पिसे यायला चार-पाच आठवडे लागतात. तोवर कोंबडी हीच त्याची गोधडी.

पण आज आपण जी सुधारित पिल्ले आणतो, बंगळूरची गिरिराज म्हणा किंवा हैदराबादची वनराज म्हणा, ती यंत्रात उबवलेली असतात. त्यांना आई नाही. या जातीच्या मोठ्या कोंबड्याही सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून तर त्या गावठीपेक्षा पुष्कळ जास्त अंडी देतात. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारण ६० ते ८० अंडी देते. सुधारित जातीची जवळजवळ दुप्पट देते. हा फायदा हवा असेल तर कोंबडीचे काम चार आठवडे आपल्याला करावे लागते.

घरी खुडूक बसलेली गावठी कोंबडी असेल तर मात्र थोडक्यात काम होते. ती आठ-पंधरा दिवस अंड्यांवर बसलेली असावी. रात्री अंधारात हळूच अंडी काढून घ्यावीत आणि दहा-बारा एक दिवसाची पिल्ले तिच्या पोटाखाली सरकवावीत. सकाळी ती त्यांना आपली मानते. तरी पहाटे उठून लक्ष ठेवावे, एखादी कोंबडी चोच मारते. दहा-बारांपेक्षा जास्त पिल्ले तिच्या पंखात मावत नाहीत.

पिल्ले आणण्याच्या आदल्या दिवशी

पहिल्या खेपेला पन्नासपेक्षा जास्त पिल्ले आणू नका. पंचवीस आणली तरी चालतील. पुढचे सर्व हिशेब पन्नास पिल्लांचे आहेत.

जागा निवडताना वारा थेट येणार नाही पण हवा खेळती राहील असा पडवीचा किंवा खोलीचा भाग घ्यावा. जमीन झाडून, चुना मारून दोन दिवस कोरडी करावी. त्यावर भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले यांची दोन-तीन इंच गादी पसरावी. बुरशीचा वास येणारी टरफले किंवा ओलसर भुसा मुळीच वापरू नये. त्या बुरशीने पिल्लांची फुप्फुसे खराब होतात आणि मग तोंड उघडून धापा टाकत ती मरतात. गादीवर पहिले दोन-तीन दिवस जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. नाहीतर पिल्ले दाणे समजून भुसा खातात. कागद गुळगुळीत असेल तर चुरगाळून मग पसरावा, म्हणजे पाय घसरून फाकत नाहीत.

या जागेभोवती पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे उभे करावे. पन्नास पिल्लांना सुरुवातीला चार फूट व्यासाचे कडे पुरते. दुसऱ्या आठवड्यात ते सहा फुटांपर्यंत वाढवावे. गोलच का, असे तुम्ही विचाराल. चौकोनी खोक्याला कोपरे असतात. थंडी वाजली किंवा घाबरली की पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. आमच्या लाकडी खोक्यात हेच झाले होते.

आता दिवा. पिल्लामागे साधारण दोन वॅट धरले की पन्नास पिल्लांना शंभर वॅट लागतात. पण शंभरचा एक दिवा लावण्यापेक्षा साठचे दोन लावावेत. रात्री एक उडाला तर दुसरा राहतो. इथे एक सावधगिरी घ्या. हल्ली दुकानात बहुतेक एलईडीचे पांढरे दिवे मिळतात. त्यांचा उजेड भरपूर, पण ऊब जवळजवळ नाही. आपल्याला हवा तो जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचा दिवा. तो शोधून आणावा आणि एक जादा आणून ठेवावा. दिवा गादीपासून फूट-दीड फूट उंचीवर पक्का बांधावा. भुशावर पडला तर आग लागते. खर्चाचे म्हणाल तर शंभर वॅट चोवीस तास जळले की २.४ युनिट होतात. पहिला आठवडा दिवसरात्र आणि पुढे बहुतेक रात्रीच दिवा लागतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा दिवा पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी लावून ठेवावा. गादी आणि खालची जमीन आधी तापली पाहिजे. पिल्लाचे पाय गार जमिनीवर टेकले तर वरून कितीही ऊब दिली तरी ते गारठतेच.

तापमापकापेक्षा पिल्ले बघा

पुस्तकात सांगितलेले असे की पहिल्या आठवड्यात दिव्याखाली पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइटने कमी करावे. साधा तापमापक असेल तर जरूर टांगा. नसेल तरी अडत नाही, कारण पिल्ले स्वतःच सांगतात.

दिव्याखाली गोळा होऊन एकमेकांना चिकटून ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. दिवा खाली घ्या किंवा दुसरा लावा. दिव्यापासून दूर, कड्याला टेकून, चोच उघडी टाकून, पंख पसरून बसली असतील तर उकडते आहे. दिवा वर घ्या. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. तिथे गोणपाट लावा. आणि सगळीकडे सारखी पसरून, काही खात, काही पीत, काही पाय ताणून झोपलेली दिसली तर सर्व ठीक आहे, तुम्हीही झोपा.

मात्र झोपण्यापूर्वी दहा वाजता एकदा आणि पहाटे चारच्या सुमारास एकदा उठून बघायलाच हवे. पहाटेचा गारठा सर्वांत वाईट. एखादे पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावावेत. पाय गार लागले तर ऊब कमी पडते आहे असे समजावे.

मराठवाड्यात आणि विदर्भात उन्हाळ्याच्या भर दुपारी दिवा लागतच नाही, उलट पत्र्याखाली पिल्ले उष्म्याने मरतात. पत्र्यावर पाचट किंवा कडबा टाकावा. पहिल्यांदाच पिल्ले आणणाऱ्याने फेब्रुवारी-मार्च किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने निवडावेत. ऐन थंडीत आणि ऐन पावसात नवख्याने या वाटेला जाऊ नये.

वीज गेली तर

खेड्यात हा प्रश्न आधी सोडवून मगच पिल्ले आणावीत. तास-दोन तास वीज गेली तर पिल्ले एका भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भुशाची गादी करून जवळजवळ ठेवावीत. त्यांच्याच अंगाच्या उबेने तेवढा वेळ निभावतो. जास्त वेळ गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या किंवा तापवलेल्या विटा गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवाव्यात. काही जण मडक्यात निखारे ठेवतात. ते करायचे तर धूर पूर्ण गेलेले निखारे घ्यावेत, मडक्यावर जाळी ठेवावी आणि खोलीचे दार-खिडकी उघडी असावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कोणी झोपू नये. त्या वायूने पिल्लेच काय, माणसेही गेली आहेत.

पहिले पाणी, मग खाद्य

अंड्यातून निघताना पिल्लू पोटात बलक घेऊन निघते. त्यावर ते दोन दिवस तग धरते, म्हणून तर पिल्ले लांबवर पाठवता येतात. पण प्रवासाने त्यांना तहान लागलेली असते. घरी आल्याबरोबर प्रत्येक पिल्लू मोजता मोजता त्याची चोच पाण्यात एकदा बुडवावी आणि दिव्याखाली सोडावे. पहिल्या दिवशी एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम गूळ विरघळवून द्यावा. भांडे उथळ असावे आणि त्यात स्वच्छ खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले त्यात पडून भिजतात. भिजलेले पिल्लू गारठते.

पाणी प्यायल्यावर दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरावा. दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे तयार खाद्य, म्हणजे चिक मॅश द्यावे. आपल्याकडे सवय अशी की चुरा, कण्या, शिळी भाकरी टाकली की झाले. मोठ्या कोंबडीचे त्यावर भागते, कारण ती दिवसभर किडे-मुंग्या वेचते. कड्यातल्या पिल्लाला किडे कुठून मिळणार? चार आठवड्यांत त्याचे वजन आठ-दहा पट व्हायचे असते आणि त्यासाठी खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने लागतात. नुसत्या कण्यांवर ठेवलेली पिल्ले जगली तरी खुरटी राहतात. चार आठवड्यांत एक पिल्लू साधारण पाऊण किलो खाद्य खाते. म्हणजे पन्नास पिल्लांना पन्नास किलोचे एक पोते पुरून थोडे उरते. खाद्याची भांडी अर्धीच भरावीत, म्हणजे सांडलवंड होत नाही. बुरशी धरलेला मका किंवा पेंड पिल्लांना कधीही घालू नये. खाद्याच्या वजनाच्या दुप्पट पाणी लागते असे धरून चालावे.

संध्याकाळी चार-पाच पिल्ले उचलून गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपावी. भरलेली आणि मऊ लागली तर खाणे-पिणे ठीक आहे. रिकामी लागली तर ऊब कमी आहे, नाहीतर भांडी अंधारात आहेत. पिल्लांच्या मागे विष्ठा चिकटून वाट बंद झालेली दिसली तर कोमट पाण्यात कापूस बुडवून हलके पुसावे, ओढून काढू नये.

पिल्ले कोठून घ्यावीत

आठवडी बाजारात, जत्रेत लाल-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्ले स्वस्तात मिळतात. पोरांच्या हट्टापायी ती घेतली जातात. ही बहुधा अंड्यांच्या जातीतली नर पिल्ले असतात. त्यांच्यापासून अंडी नाहीत आणि मांसही फारसे नाही. पिल्ले उबवणी केंद्रातूनच घ्यावीत. पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. घेताना पिल्लू कोरडे, डोळे तेजदार, बेंबी मिटलेली आणि पाय सरळ असल्याचे बघावे. पहिल्या दिवशीची मरेक्सची लस दिली आहे का हेही विचारावे. आणि हे ध्यानात ठेवा की न निवडलेल्या पिल्लांत निम्मे नर निघतात. पन्नास पिल्ले म्हणजे पन्नास अंडी देणाऱ्या कोंबड्या असा हिशेब मांडून कर्ज काढू नका.

लस एकट्याने होत नाही

पहिला पंधरवडा ऊब देऊन पार पडला की रोगांचे नंबर लागतात. त्यात पहिला मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा. हिमालयातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडले. हा रोग शिरला की खुराडेच्या खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही, लस आहे. साधारण वेळापत्रक असे:

५ ते ७ वा दिवस: मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब.
१४ वा दिवस: गंबोरोची लस.
२८ वा दिवस: लासोटा पुन्हा, पिण्याच्या पाण्यातून.
६ वा आठवडा: देवीची लस.
८ वा आठवडा: मानमोडीची आर-टू-बी लस, टोचून.

तुमच्या भागासाठी यात काही फरक असेल तर तो दवाखान्यातून करून घ्यावा. लस थर्मासमध्ये बर्फात आणावी. पाण्यातून देताना टीसीएल टाकलेले नळाचे पाणी वापरू नये, लस मरते.

खरी अडचण पुढे आहे. लासोटाची लहानात लहान बाटलीही साधारणपणे शंभर पक्ष्यांची असते आणि एकदा फोडून कालवली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्याच्याकडे वीस पिल्ले आहेत तो म्हणतो, "वीसासाठी बाटली कशाला फोडू?" आणि लस राहते. मग एका घरात शिरलेला रोग सगळ्या आळीत फिरतो.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि बचत गटाच्या प्रमुख ताईंना सांगणे आहे. पिल्ले घरोघरी वेगवेगळ्या महिन्यांत येऊ देऊ नका. गावातली सर्व मागणी गोळा करून एकाच आठवड्यात पिल्ले आणवा. मग पाचव्या-सातव्या दिवशी एकच बाटली फोडून दहा घरांची लस एका सकाळी होते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारीख लिहून ठेवली तरी पुष्कळ काम होईल. शासनाच्या योजनांतून शंभर एकदिवसीय पिल्लांचा गट आणि वाढवलेल्या तलंगांचा गट असे दोन प्रकार दिले गेले आहेत. सध्या काय चालू आहे ते पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारावे. आणि लाभार्थीच्या घरी कडे, गादी, दिवा तयार आहे हे बघितल्याशिवाय एकदिवसीय पिल्ले हातात देऊ नयेत. ज्याला रात्री उठून बघणे जमणार नाही त्याने तलंगाच घ्याव्यात.

दुसरी एक जबाबदारी आहे. अचानक खूप पक्षी मेले तर ते ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत आणि उरलेले घाईने बाजारात नेऊन विकू नयेत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला बर्ड फ्लू आला होता, हे आपण विसरलेलो नाही. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे अशी शंका आली तर मालकाने ग्रामपंचायतीला कळवायचे आणि तेथून जवळच्या पशुवैद्यकाला कळवायचे असते. हे काम ग्रामसेवकांनी कागदोपत्री न ठेवता त्याच दिवशी करावे.

बाहेर सोडताना घाई नको

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात गादी ओली राहिली तर रक्ती हगवण लागते. विष्ठेत रक्त दिसले, पिल्ले पंख पाडून बसली तर त्याच दिवशी दवाखान्यातून पाण्यात घालायचे औषध आणावे. गादी रोज हलवावी, पाण्याच्या भांड्याखालचा ओला भाग काढून कोरडे तूस टाकावे. पिल्लांना हात लावल्यावर पोरांना साबणाने हात धुवायला सांगावे.

अंगावर पिसे पुरती भरली की पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून दुपारच्या उन्हात तासभर बाहेर सोडावे आणि मग वेळ वाढवत न्यावी. वर घार, खाली मुंगूस आणि घरचे मांजर या तिघांची सोय आधी करावी. रात्री खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी असावी. घूस रात्रीतून चार-पाच पिल्ले ओढून नेते.

आमच्या घरी दुसऱ्या खेपेला फेब्रुवारीत पन्नास पिल्ले आणली. या वेळी दिवा आदल्या दिवशी लावला होता, कडे गोल होते आणि पहाटे चारचा गजर लावला होता. तीन पिल्ले गेली, सत्तेचाळीस राहिली. दिवा तोच, घर तेच, माणसेही तीच. तुमच्या पडवीत पिल्लांचे खोके येण्याआधी एकदा गादीवर हाताचा तळवा ठेवून बघा. तळव्याला ऊब लागली तरच पिल्ले आणायला निघा.